“काही नाही जी, घरीच असते”
समाजाला प्रश्न विचारायची रीत

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या गावातली दुपार डोळ्यांसमोर आणा. ओसरीवर एक बाई बसली आहे. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. बोटं थांबत नाहीत. पान वळतं, दोरा गुंडाळला जातो, बिडी सुपाच्या कडेला पडते. हातात फॉर्म घेतलेली एक मुलगी समोर येते आणि विचारते, “काकू, तुम्ही काय काम करता?” काकू मान वर न करता सांगतात, “काही नाही जी, घरीच असते.” मुलगी ‘गृहिणी’ या चौकोनात खूण करून पुढच्या घराकडे वळते.

इथे खोटं कुणीच बोललेलं नाही. मुलीने विचारलं तेच लिहिलं, काकूंनी त्यांना वाटलं तेच सांगितलं. तरीही या फॉर्मांची बेरीज होऊन टक्केवारी निघेल, तेव्हा ती भराभर चालणारी बोटं तिच्यात नसतील. मग चुकलं कुठे?

समाजशास्त्रात ‘संशोधन पद्धती’ नावाचा एक विषय असतो. परीक्षेसाठी त्यातल्या व्याख्या पाठ केल्या जातात आणि निकालानंतर विसरल्या जातात. पण मुळात हा विषय ओसरीवरच्या या एका गोंधळातूनच उभा राहिलेला आहे. तेव्हा काकूंना विचारलेला प्रश्न सोबत घेऊनच त्यात शिरू.

‘काम’ कशाला म्हणायचं?

लग्नाच्या पत्रिका छापताना घरात हमखास वाद होतो. ‘फक्त जवळचे नातेवाईक बोलवायचे’ यावर सगळ्यांचं एकमत असतं, पण मामेबहिणीचे सासरे जवळचे की लांबचे हे कुणी ठरवलेलं नसतं. शब्द सगळ्यांना कळतो, त्याची हद्द मात्र ज्याची त्याची वेगळी.

गरिबी, प्रतिष्ठा, शिक्षण, काम हे सगळे असेच शब्द आहेत. समाजशास्त्रात त्यांना ‘संकल्पना’ म्हणतात. बोलण्यात त्या चालून जातात, पण मोजायला बसलं की हद्द आखावी लागते. काय धरायचं, काय सोडायचं हे आधी लिहून ठेवणं म्हणजे ‘कार्यात्मक व्याख्या’. संशोधनातलं पहिलं भांडण तिच्यावरूनच होतं.

जनगणनेचंच उदाहरण घ्या. वर्षात सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ काम केलं तर माणूस ‘मुख्य कामगार’, त्याहून कमी केलं तर ‘सीमांत कामगार’ आणि अजिबात केलं नाही तर ‘बिगर कामगार’. मजुरी मिळालीच पाहिजे अशी अट नाही, घरच्या शेतात बिनमोल राबणंही कामात धरलं जातं. बायका ते सांगतच नाहीत, हे लक्षात आल्यावर १९९१ च्या जनगणनेत प्रश्नाच्या पोटातच ‘शेतातलं किंवा घरच्या धंद्यातलं बिनमोल काम धरून’ अशी पुस्ती जोडली गेली. २००१ पासून घरच्या वापरापुरतं दूध काढणंही कामात आलं. म्हणजे घरच्यासाठी गाय दोहली तर काम, पण तेच दूध चुलीवर तापवलं तर काम नाही!

राष्ट्रीय नमुना पाहणीत आणखी बारीक भेद आहेत. फक्त घरकाम करणाऱ्यांसाठी ९२ हा संकेतांक आहे. घरकामाबरोबर सरपण, भाजी, चारा गोळा करणाऱ्यांसाठी ९३. पूर्व विदर्भातल्या जंगलालगतच्या गावात बाईने मोहफुलं वेचून बाजारात विकली की ती कामगार ठरते. घरच्यापुरतं सरपण आणलं की तिला ९३ चा आकडा मिळतो आणि ती कामगारांच्या यादीबाहेर राहते. डोक्यावरचा भारा कदाचित सरपणाचाच जड असेल, पण हद्द आखली गेली ती अशी.

यात लबाडी आहे असं नाही. कुठलीही हद्द काहीतरी आत घेते आणि काहीतरी बाहेर ठेवते. म्हणून कुठलाही आकडा वाचण्याआधी त्याची व्याख्या बघायची.

प्रश्न बदलला की उत्तर बदलतं

आता तीच मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच ओसरीवर येते आणि वेगळं विचारते, “काकू, काल पहाटे उठल्यापासून काय काय केलंत, सांगता का?” काकू हसतात आणि सुरू होतात. पाणी भरलं, अंगण सारवलं, गोठा काढला, भाकरी-भाजी, नातवाला शाळेत पोचवलं, मग बिडी, मग जेवण, परत बिडी, शेळीला पाला, संध्याकाळचा भात, रात्री टीव्हीसमोर उद्याची पानं कापून ठेवली. ‘काही नाही’ म्हणणाऱ्या बाईचा दिवस कागदावर मावत नाही.

ही रीत आता सरकारी पाहणीतही आहे. २०१९ मध्ये देशभर ‘वेळ वापर पाहणी’ झाली. आदल्या दिवशी पहाटे ४ पासून पुढच्या पहाटे ४ पर्यंतचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारले गेले. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष ते करतात त्यांचे ९७ मिनिटं, असं त्यातून दिसलं. ‘तुम्ही काय करता’ या एका प्रश्नातून हे पाच तास बाहेर आले नसते.

इथे दोन शब्द समजून घ्यायला हवेत: ‘विश्वसनीयता’ आणि ‘वैधता’. धान मोजायची पायली आठवा. पायली एका बाजूने चेपलेली असेल तर दहा वेळा मोजा, दहाही वेळा सारखंच माप येईल, आणि दहाही वेळा चुकीचं. पुन्हा पुन्हा सारखं उत्तर येणं ही विश्वसनीयता. जे मोजायचं तेच मोजलं जाणं ही वैधता. ‘काय काम करता?’ हा प्रश्न शंभर ओसऱ्यांवर विचारला तरी ‘घरीच असते’ हेच उत्तर येईल. माप एकसारखं असेल, पण पायली चेपलेली.

कोणत्या महिन्यात विचारलं?

भंडाऱ्याचं वर्ष कामांनी शिवलेलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलणी झाली की बांध्यांमध्ये पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवायला बायकांच्या रांगा उतरतात. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. मार्च-एप्रिलला मोह, त्यापाठोपाठ तेंदूपत्ता. मधल्या फटी बिडीने भरलेल्या.

२०११ ची जनगणना झाली ती ९ ते २८ फेब्रुवारीत. ज्या गावाला तलावाचं किंवा कालव्याचं पाणी आहे तिथे त्या सुमाराला उन्हाळी धानाची धांदल असते. कोरडवाहू गावात खरिपाचं धान कधीच घरात आलेलं असतं आणि मोह अजून टपकायचा असतो. जनगणनेचा प्रश्न गेल्या पूर्ण वर्षाबद्दल असतो, हे खरं. पण आठवण फेब्रुवारीतली असते. रोवणीत कंबर मोडली ते दिवस तोवर सहा महिने मागे गेलेले असतात.

म्हणूनच राष्ट्रीय नमुना पाहणी वर्षभर पसरलेली असते, आणि रोजगाराबद्दल दोन वेगवेगळी मापं वापरली जातात. एक गेल्या ३६५ दिवसांचं, दुसरं गेल्या ७ दिवसांचं. पहिलं माप वर्षाचा कल सांगतं, दुसरं आठवड्याची खरी स्थिती. एकाच बाईबद्दल दोन्ही वेगळी येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

शितावरून भात, पण हंडा ढवळला का?

भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १२ लाखांवर होती. सगळ्यांना विचारणं फक्त जनगणनेला परवडतं. बाकीच्यांना थोड्यांवरून सगळ्यांचं ताडावं लागतं. त्या थोड्यांना ‘नमुना’ म्हणतात. आपल्याकडे यासाठी म्हण आहेच, शितावरून भाताची परीक्षा. धानाच्या जिल्ह्यात ती वेगळी समजावून सांगायला नको.

या म्हणीत एक न बोललेली अट आहे. एका शितावरून हंडाभर भाताचं कळतं, कारण सगळ्या भाताला सारखी आच लागलेली असते. तळाचा भात करपला असेल तर वरचं शीत फसवतं.

जिल्हा म्हणजे असा एकसारखा शिजलेला हंडा नाही. उत्तरेला तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी. मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोशाचं विणकाम. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना. साकोली-लाखनीकडे जंगल आणि तलाव. पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरण आणि त्याच्या बुडीतातून उठलेली गावं. दक्षिणेला लाखांदूर. यातल्या एकाच भागातली शितं उचलली तर भात भंडाऱ्याचा म्हणता येणार नाही.

म्हणून आधी जिल्ह्याचे असे थर पाडायचे आणि प्रत्येक थरातून चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची. याला ‘स्तरित यादृच्छिक नमुना’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, अर्थ सोपा: प्रत्येक थरातलं शीत घ्या आणि कोणतं घ्यायचं ते स्वतः ठरवू नका. यादीतल्या प्रत्येक घराला निवडलं जाण्याची संधी ठरलेली असली पाहिजे.

हे चिठ्ठ्यांवर सोपवावं लागतं, कारण निवड आपल्यावर सोडली की आपण सोयीचं निवडतो. ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांच्या खोडी नोंदवल्या आहेत. ते डांबरी रस्त्यालगतची गावं बघतात, कोरड्या ऋतूत येतात, पुढाऱ्यांशी आणि पुरुषांशी बोलतात. चिखल तुडवून टोलीवरच्या शेवटच्या घरापर्यंत जाणारे थोडेच. आणि रोवणीच्या दिवसांत दुपारी घरोघर फिरलात तर भेटतील ते म्हातारे, लहान मुलं आणि आजारी माणसं. राबणारी माणसं बांधीत असतील.

मग नमुना किती मोठा हवा? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. निवड खरोखर चिठ्ठ्यांनी झाली असेल, तर साधारण चारशे जणांच्या उत्तरांवरून शंभरपैकी पंचाण्णव वेळा खऱ्या टक्केवारीच्या पाच अंक आतबाहेर पोचता येतं. जिल्हा १२ लाखांचा असो की राज्य १२ कोटींचं, हा चारशेचा आकडा फारसा हलत नाही. घरचं पातेलं असो की लग्नाचा हंडा, आमटी नीट ढवळलेली असेल तर चव कळायला चमचाभरच पुरते. मात्र सातही तालुक्यांचं वेगवेगळं सांगायचं असेल, तर ती सात पातेली झाली आणि चमचेही सात लागतील.

न ढवळता कितीही घ्या, उपयोग नाही. १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका धाडल्या. जवळपास २४ लाख परत आल्या. साप्ताहिकाने भाकीत केलं की लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, तेही ४८ पैकी ४६ राज्यांत. नावं टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतलेली होती. मंदीच्या काळात ही सुखवस्तूंची यादी. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे वेगळे आणि न घेणारे वेगळे. चोवीस लाख शितं, पण सगळी वरच्या थराची.

विचारतं कोण, ऐकतं कोण?

परत ओसरीवर येऊ. समजा, फॉर्म घेऊन आलेली मुलगी नसून जीपमधून उतरलेले साहेब आहेत. काकू दाराआड जातील आणि उत्तरं घरधनी देतील. जमीन किती, हे विचारताच घरात कुजबुज होईल, ‘घरकुलाची यादी आहे का?’ दोन एकरांची एक एकर होईल. तेच साहेब ‘दारू पिता का?’ विचारतील आणि गावभर कुणी पिणाराच सापडणार नाही.

माणूस प्रश्नाला उत्तर देतो, त्याचबरोबर विचारणाऱ्यालाही उत्तर देतो. म्हणून मुलाखतीत प्रश्नाच्या शब्दांइतकंच महत्त्व विचारणाऱ्याला असतं. तो बाई आहे की पुरुष, कुठल्या जातीचा, गावातला की बाहेरचा, इथली झाडीबोली कळणारा की नाही. मुलाखतीच्या वेळी सासू शेजारी बसली होती का, हेही नोंदवून ठेवावं लागतं. सगळे परिणाम पुसून टाकता येत नाहीत. ते लिहून ठेवता येतात, म्हणजे वाचणाऱ्याला त्यांचा हिशेब धरता येतो.

ओसरीवर बसून राहणं

प्रश्नावलीला एक मर्यादा आहे. तुम्हाला जे विचारायचं सुचलं तेवढंच ती विचारते. जे सुचलंच नाही ते कळायला बसून राहावं लागतं. लोकांत राहायचं, त्यांच्या कामात हात घालायचा, बघायचं, रात्री लिहायचं. याला ‘सहभागी निरीक्षण’ म्हणतात. मालवणचे गो. स. घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत. त्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात जाऊन राहिले. १९७० मध्ये अमेरिकेत लागलेल्या आगीत त्यांच्या टिपणांवर प्रक्रिया करून केलेले कागद जळाले. तेव्हा त्यांनी मुख्यतः आठवणींवरून पुस्तक लिहिलं, ते १९७६ मध्ये निघालं. गाव इतकं अंगात मुरलं होतं!

भंडाऱ्यात बसून राहायची जागा म्हणजे मामा तलावाची पाळ. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांसाठी हा मुलूख ओळखला जातो. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. अशा तलावाचा अभ्यास करायचा तर कागदपत्रं लागतील: जुनी बंदोबस्ताची दप्तरं, गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद असलेलं निस्तारपत्रक. दुसऱ्यांनी आधी गोळा करून ठेवलेल्या अशा माहितीला ‘दुय्यम तथ्यं’ म्हणतात, आणि आपण स्वतः जाऊन मिळवलेली ती ‘प्राथमिक’. कागद तलाव कुणाचा ते सांगेल. त्यात कोणता मासा कधी अंडी घालतो आणि कोणत्या पाणवनस्पतीच्या आडोशाला, हे ढिवर मासेमार सांगतील. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व विदर्भातल्या तलावांवर ढिवर समाजाबरोबर काम केलं ते याच वाटेने. मासेमारांचं ज्ञान नोंदलं गेलं आणि त्याच ज्ञानाच्या आधाराने तलावांत वनस्पती पुन्हा लावल्या गेल्या. इथे ज्याचा अभ्यास करायचा तोच अभ्यासकांत येऊन बसतो. याला ‘सहभागी संशोधन’ म्हणतात.

कागद, मुलाखत आणि निरीक्षण, तिन्ही एकच सांगत असतील तर भरवसा वाढतो. वेगवेगळं सांगत असतील तर आणखी बरं, कारण खरा प्रश्न तिथेच दडलेला असतो.

छत्री विकली म्हणून रोवणी होत नाही

तुमसरच्या बाजारात छत्र्यांची विक्री वाढते, त्याच दिवसांत रोवणीलाही जोर चढतो. दोन गोष्टी एकत्र वाढल्या की तो ‘सहसंबंध’. पण छत्रीमुळे रोवणी झाली असं कुणी म्हणणार नाही. दोन्हींमागे पाऊस आहे.

हाच घोटाळा गंभीर विषयात लपून बसतो. समजा, बचत गटातल्या बायकांच्या मुली जास्त शिकतात असं दिसलं. लगेच मथळा तयार, ‘बचत गटामुळे मुली शिकल्या’. पण गटात आलेल्या बायका आधीच थोड्या बऱ्या घरच्या असल्या तर? तिथे घरची स्थिती हा पाऊस आणि बचत गट ही छत्री.

हे तपासायचं तर तुलना लागते. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केलेला प्रयोग जगभर अभ्यासला गेला. ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. दुसऱ्या ४७ गावांत नेहमीचीच सेवा चालू राहिली. दोन्हीकडचे बाळमृत्यू मोजले गेले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: तुलनेतल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्के घटले. ती ४७ गावं मोजलीच नसती तर ‘रस्ते झाले म्हणून कमी झाले’, ‘ती वर्षंच बरी होती’, असं कुणीही म्हणू शकलं असतं. परिसर आणि वर्षं दोन्हीकडे तीच होती, म्हणून फरकाचं श्रेय काळजीकडे गेलं.

चौकट : पेपरात पाहणीचा आकडा दिसला, तर

• व्याख्या : ज्याची टक्केवारी दिली आहे, त्यात काय धरलंय आणि काय सोडलंय?
• काळ : कोणत्या महिन्यात विचारलं, आणि किती दिवसांबद्दल?
• नमुना : माणसं कुणी निवडली, चिठ्ठ्यांनी की सोयीने? यादीत मुळात कोण नव्हतं?
• मुलाखत : कुणी विचारलं, कोणत्या शब्दांत, कुणासमोर?
• कारण : दोन गोष्टी नुसत्या सोबत आहेत की एकीमुळे दुसरी? तुलना कशाशी केली?

सांगणाऱ्याची राखण

काकूंनी समजा विश्वासाने सांगितलं, की ठेकेदार हजारामागे इतक्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो आणि त्यांचे पैसे देत नाही. अहवालात गावाचं नाव आलं, ‘वॉर्ड क्रमांक अमुक, वय ५२, विधवा’ असं आलं, तर ठेकेदाराला ओळखायला एक मिनिट लागणार नाही. पुढच्या आठवड्यात काकूंच्या सुपात पानं येणार नाहीत. नाव गाळलं तरी माणूस ओळखू येतो, म्हणून खुणाही गाळाव्या लागतात.

त्याआधी संमती. कशासाठी विचारतो, उत्तर कुठे जाईल, नको असेल तर नाही म्हणता येतं, हे सांगून मगच पहिला प्रश्न. त्रास होईल असं काही विचारावं लागलं तर मध्येच थांबायची मुभा. पुस्तकांत हे ‘संशोधनाची नीती’ म्हणून शेवटच्या प्रकरणात येतं, ओसरीवर मात्र ते सगळ्यात आधी येतं.

फॉर्म भरून झाला की मुलगी उठते. काकू सूप बाजूला ठेवतात, पाण्याचा गिलास पुढे करतात आणि पहिल्यांदाच मान वर करून विचारतात, “हे सगळं लिहून नेता जी, याचं पुढे काय करता?”

प्रश्नावलीत नसलेला हा एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर द्यायची पाळी आता मुलीची आहे.